झाडं छाटायच्या मशीनवर ज्यांचं नाव असतं, ते आंद्रेआस श्टील कोण होते?

भंडारा जिल्ह्याच्या साकोली तालुक्यातलं एकोडी हे धानाच्या पट्ट्यातलं गाव. या पट्ट्यात बांधीच्या धुऱ्यावर मोह, पळस, चिंच, बाभूळ, कडुनिंब अशी झाडं असतातच. झाड हवं असतं, पण त्याची सावली धानाला नको असते. सावलीतलं धान नीट भरत नाही, हे सांगायला कृषी अधिकारी लागत नाही. म्हणून पावसाआधी फांद्या उतरवायच्या. त्यासाठी कुऱ्हाड कंबरेला खोचून झाडावर चढायचं, नाहीतर लांब बांबूला कोयता बांधून खालूनच वार करत राहायचं. पहिल्या पद्धतीत माणूस पडतो. दुसऱ्या पद्धतीत दिवस जातो आणि फांदी सालीसकट फाटून खाली येते.

आता यावर तिसरा उपाय बाजारात मिळतो, पेट्रोलवर चालणारा पोल सॉ. लांब दांडा, त्याच्या एका टोकाला छोटं इंजिन आणि दुसऱ्या टोकाला साखळीची करवत. जमिनीवर उभं राहून उंचावरची फांदी कापायची. अशा मशीन अनेक कंपन्या बनवतात. त्यातल्या एका नावावर बहुतेकांचा गोंधळ होतो. केशरी-पांढऱ्या मशीनवर इंग्रजीत जे लिहिलेलं असतं ते वाचून लोकांना वाटतं की हे लोखंड-पोलादवालं 'स्टील' असावं. स्पेलिंग वेगळं आहे. ते एका माणसाचं आडनाव आहे आणि जर्मनमध्ये त्याचा उच्चार श्टील असा होतो.

हा माणूस जाऊन पन्नासहून जास्त वर्षं झाली. पण पोल सॉ विकत घेताना काय बघायचं आणि घेतल्यावर तो कसा सांभाळायचा, यातल्या बऱ्याच गोष्टींची मुळं त्याच्या आयुष्यात सापडतात. त्याच आयुष्यात एक काळा अध्यायही आहे, जो मशीनसोबत मिळणाऱ्या पुस्तिकेत छापलेला नसतो.

लाकूड करवतीकडे न्यायचं की करवत लाकडाकडे?

आंद्रेआस श्टील यांचा जन्म 10 नोव्हेंबर 1896 ला स्वित्झर्लंडमधल्या झुरिचचा. शिक्षण मात्र जर्मनीत झालं. पहिल्या महायुद्धात ते सैनिक होते. युद्धानंतर त्यांनी मेकॅनिकल इंजिनिअरिंग केलं आणि 1920च्या दशकात दक्षिण जर्मनीतल्या लाकूडधंद्याशी त्यांचा संबंध आला.

तेव्हा जंगलातलं काम कसं चालायचं? दोन माणसांनी दोन बाजूंनी ओढायची लांब करवत आणि कुऱ्हाड. झाड पाडायचं, फांद्या साफ करायच्या, मग अख्खा ओंडका घोड्यांनी किंवा गाडीनं मिलपर्यंत न्यायचा. मिलमध्ये वाफेवर आणि विजेवर चालणाऱ्या करवती होत्या. जंगलात मात्र सगळं मनगटाच्या जोरावर. श्टील यांच्या डोक्यात बसलं ते एवढंच, की लाकूड करवतीकडे नेण्याऐवजी करवतच लाकडाकडे गेली पाहिजे.

1926 मध्ये त्यांनी श्टुटगार्टमध्ये स्वतःची कंपनी काढली. सुरुवातीचा धंदा वाफेच्या बॉयलरसाठी लागणाऱ्या भट्ट्यांचा होता. त्याच वर्षी त्यांनी विजेवर चालणारी साखळी करवत आणली. ती इतकी जड होती की उचलायला दोन माणसं लागायची. शिवाय जंगलात वीज आणणार कुठून? म्हणजे करवत लाकडाकडे निघाली खरी, पण तारेच्या लांबीपुरतीच.

1929 मध्ये पेट्रोलवर चालणारी मशीन आली. सहा हॉर्सपॉवर आणि वजन 46 किलो, म्हणजे जवळपास सिमेंटच्या एका गोणीएवढं. हे वजन दोन माणसांनी दोन टोकांना धरून झाडाच्या बुंध्याला लावायचं आणि इंजिन चालू असताना स्थिर ठेवायचं.

इथं एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. पेट्रोलवरची चेन सॉ श्टील यांनीच पहिल्यांदा बनवली असं सर्रास सांगितलं जातं, ते बरोबर नाही. एमिल लेर्प या दुसऱ्या जर्मन उद्योजकानं 1927 मध्येच तशी मशीन थुरिंगियातल्या डॉलमार नावाच्या डोंगरावर चालवून बघितली होती. तिचं वजन 58 किलो होतं आणि त्या डोंगराचंच नाव पुढे लेर्प यांच्या कंपनीला मिळालं. साखळीनं कापायची कल्पना तर त्याहून कितीतरी जुनी. बर्नहार्ड हायने या जर्मन वैद्यानं 1830च्या सुमाराला हाडं कापायला हातानं फिरवायची छोटी साखळी करवत बनवली होती. कंपन्यांच्या इतिहासात 'पहिलं' हा शब्द फार स्वस्तात मिळतो. श्टील यांचं खरं काम शोधापेक्षा नंतरचं आहे. ते हयातभर त्या मशीनचं वजन उतरवत राहिले.

इंजिन चालू, पण साखळी थांबलेली

1930च्या दशकात श्टील यांच्या मशीन सोव्हिएत रशिया, अमेरिका आणि कॅनडापर्यंत पोचल्या. त्याच काळात दोन सुधारणा झाल्या, ज्या आजच्या पोल सॉमध्येही जशाच्या तशा आहेत.

पहिली म्हणजे साखळीला आपोआप तेल मिळण्याची सोय. साखळी एका पट्टीच्या कडेवरून, खोबणीतून पळते. आजच्या मशीनमध्ये तिचा वेग सेकंदाला पंधरा-वीस मीटर असू शकतो. लोखंडावर लोखंड इतक्या वेगानं घासलं आणि मध्ये तेल नसलं तर पट्टी निळी पडते, साखळी ताणली जाते आणि काही तासांत दोन्ही भंगारात. त्यामुळे पेट्रोलची टाकी भरताना प्रत्येक वेळी चेन ऑईलची टाकीही भरायची असते. आपल्याकडे इथंच पैसे वाचवले जातात. मोटरसायकलमधून काढलेलं काळं जळकं ऑईल त्यात ओततात. त्या ऑईलमध्ये धातूचा बारीक कीस असतो, त्यानं पंप बुजतो. ते साखळीला धरूनही राहत नाही, फेकलं जातं, आणि ते माती-पाण्यात जातं ती बांधी आपलीच असते.

दुसरी सुधारणा म्हणजे सेंट्रिफ्युगल क्लच. इंजिन मंद चालू असताना साखळी थांबलेली राहते. ॲक्सिलरेटर दाबला, वेग वाढला, की क्लचमधले तुकडे बाहेरच्या बाजूला फेकले जाऊन ड्रमला धरतात आणि साखळी फिरते. स्कूटरच्या ॲटोमॅटिक क्लचमागंही हेच तत्त्व आहे. पोल सॉच्या बाबतीत याचं महत्त्व जास्त आहे. हातात धरायच्या चेन सॉला आज चेन ब्रेक असतो, पोल सॉला सहसा नसतो. त्यामुळे साखळी थांबवायचं काम एकट्या क्लचवर येतं. मशीन घेताना दुकानातच चालू करून बघावी. ॲक्सिलरेटर सोडल्यावर साखळी थांबली पाहिजे. हळूहळू सरकत राहिली तर आयडलचा स्क्रू चुकलाय किंवा क्लच खराब आहे. वापरातल्या मशीनमध्ये असं झालं तर ती त्या दिवशी वापरायची नाही.

जो अध्याय पुस्तिकेत नसतो

1933 मध्ये हिटलर सत्तेवर आला. आंद्रेआस श्टील नाझी पक्षाचे सदस्य झाले, पुढे एसएस या संघटनेतही गेले. एसएस म्हणजे नाझी राजवटीची ती निमलष्करी संघटना, जिच्या हाताखाली छळछावण्या चालायच्या. श्टील तिच्या साध्या नागरी शाखेत होते, असं म्हणून हा भाग लवकर उरकला जातो. तरीही ही सदस्यता जन्मानं मिळत नव्हती. ती घ्यावी लागायची, आणि जर्मनीत अनेक उद्योजकांनी ती घेतली नव्हती.

युद्धात लाकूड हे लष्करी सामान होतं. रस्ते, पूल, खंदक, रेल्वेचे स्लीपर, सगळ्याला ते लागायचं. त्यामुळे या मशीनला मागणी होती. दुसरीकडे जर्मनीतून होणारी आयात थांबल्यानं कॅनडा आणि अमेरिकेतल्या कंपन्यांनी स्वतःच्या चेन सॉ बनवायला घेतल्या. श्टील यांनी उभी केलेली बाजारपेठच त्यांचे प्रतिस्पर्धी तयार करत होती. दोस्तराष्ट्रांच्या बॉम्बहल्ल्यात श्टुटगार्टच्या भागातला त्यांचा कारखाना उद्ध्वस्त झाला आणि काम जवळच्या वायब्लिंगनकडे हलवावं लागलं. कंपनीचं मुख्यालय आजही तिथंच आहे.

युद्ध संपल्यावर दोस्तराष्ट्रांनी श्टील यांना काही काळ बंदिवासात ठेवलं. सुटून आले आणि पुन्हा कारखान्यात बसले. पश्चिम जर्मनीत त्या पिढीतल्या अनेकांच्या बाबतीत असंच झालं. देश उभा करायला कारखाने हवे होते, त्यामुळे मालकांना फार प्रश्न विचारले गेले नाहीत. पुढे त्यांच्या वाट्याला मानसन्मानही आले.

मग मशीन घेणाऱ्यानं याचं काय करायचं? करवतीला पक्ष नसतो, हे खरंच. पण कंपनी संस्थापकाचं नाव अभिमानानं मिरवत असेल, तर त्या नावाचा पूर्ण इतिहास माहीत असणं हा घेणाऱ्याचा हक्क आहे. श्टील यांच्या चरित्रात 1926 वरून थेट 1950 वर उडी मारणारे लेख इंटरनेटवर भरपूर सापडतात. मधली वर्षं गाळण्याचं कारण जागा कमी पडणं हे नसतं.

सोळा किलो, मग बारा किलो

युद्धानंतर कारखाना चालवायला मिळेल ते काम घ्यावं लागलं. श्टील यांनी 1940च्या दशकाच्या शेवटी छोट्या शेतकऱ्यांसाठी छोटे ट्रॅक्टरही बनवायला घेतले. एक सिलिंडर, टू-स्ट्रोक डिझेल इंजिन. 1960च्या दशकात हा धंदा बंद झाला. ते ट्रॅक्टर आज जुन्या गाड्यांचे शौकीन जमवतात.

नशीब फिरलं ते 1950 मध्ये. 'बीएल' नावाची मशीन आली, वजन 16 किलो. कंपनी तिला एका माणसानं चालवायची पहिली पेट्रोल चेन सॉ म्हणते. अमेरिकेत मॅक्युलक कंपनीनं आदल्याच वर्षी त्याहून हलकी, सुमारे 11 किलोची मशीन आणली होती, तेव्हा 'पहिली' या शब्दाबद्दल वर जे म्हटलं तेच इथंही. पण 46 वरून 16 हा फरक लहान नाही. 46 किलोच्या मशीनला दोन माणसं लागायची, 16 किलोची एकाच्या हातात आली.

1959 मध्ये 'कॉन्ट्रा' आली. वजन 12 किलोच्या आसपास आणि ताकद 1929च्या मशीनएवढीच, सहा हॉर्सपॉवर. इंजिन आणि साखळी यांच्यामधला गिअरबॉक्सच काढून टाकला होता. या मशीननं कंपनीला जगभर पोचवलं. जंगलतोडीचा वेगही तिनंच बदलला. दोन माणसांना ज्या झाडाला तासभर लागायचा ते आता काही मिनिटांत आडवं होऊ लागलं.

मशीन हलकी व्हायला दुसऱ्यांचे शोधही कारणीभूत होते. त्यातला एक सांगण्यासारखा आहे. अमेरिकेच्या ओरेगॉनमधला लाकूडतोड्या जो कॉक्स एकदा लाकूड फोडत असताना त्याला ओंडक्यात एक जाड अळी दिसली. ती लाकूड सरळ पुढे न कुरतडता डावीकडे-उजवीकडे असं कुरतडत होती. कॉक्सनं त्या अळीच्या जबड्यासारखे, इंग्रजी सी अक्षरासारखे वळलेले दात असलेली साखळी बनवली आणि 1947 मध्ये ती विकायला सुरुवात केली. आजच्या जवळजवळ प्रत्येक चेन सॉची आणि पोल सॉची साखळी त्याच वळणाची आहे.

साखळीला धार लावताना हे लक्षात ठेवलं की काम सोपं जातं. दात एक डावीकडचा, एक उजवीकडचा असे असतात. गोल कानस घ्यायची. छोट्या साखळीला साधारण 3.2 किंवा 4 मिलिमीटरची लागते, नेमकं माप पुस्तिकेत असतं. तीस अंशाच्या कोनात, आतून बाहेर, फक्त ढकलताना घासायचं. परत ओढताना नाही. प्रत्येक दाताला सारखेच हात द्यायचे, नाहीतर कापताना पट्टी एका बाजूला वळते. धार गेली हे ओळखायची खूण खाली पडणाऱ्या भुशात असते. धारदार साखळी लाकडाचे छोटे कपचे काढते, बोथट साखळी पिठासारखा भुसा. पीठ पडायला लागलं आणि मशीन दाबावी लागली की थांबून कानस काढायची. पोल सॉमध्ये तर दाबायला जागाच नसते. दांड्याच्या टोकाला जेवढं करवतीचं वजन, तेवढाच दाब.

हात पांढरे पडायला लागले

कॉन्ट्रासारख्या मशीननं वजन कमी केलं, पण इंजिनाचा सगळा हादरा सरळ हातात यायला लागला. दिवसभर मशीन धरणाऱ्या कामगारांची बोटं थंडीत पांढरी पडायची, बधिर व्हायची, पुढे पुढे शर्टाचं बटणही लावता यायचं नाही. 1960च्या दशकात जपान, ब्रिटन, स्वीडन अशा देशांमध्ये डॉक्टरांनी जंगल कामगारांमधला हा आजार नोंदवला. सततच्या हादऱ्यानं बोटांतल्या बारीक रक्तवाहिन्या आणि नसा बिघडत होत्या.

त्यानंतर हँडल आणि इंजिन यांच्यामध्ये रबर किंवा स्प्रिंग बसवून हादरा अडवायची पद्धत आली. श्टील यांच्या कंपनीनंही त्याच दशकात ती आणली. साखळीला अचानक थांबवणारा ब्रेक 1970च्या दशकाच्या सुरुवातीला आला. म्हणजे वेग आधी आला आणि सुरक्षा दहा-बारा वर्षांनी. त्या मधल्या काळाची किंमत ज्यांनी मोजली त्यांची नावं कुठल्याही मशीनवर नाहीत.

म्हणून पोल सॉ निवडताना हँडलचं रबर आणि खांद्याचा पट्टा या गोष्टी किमतीइतक्याच बघायच्या. इंजिन साधारण 25 ते 36 सीसीचं असतं, मशीनचं वजन सहा ते आठ किलो. आठ किलो ऐकायला कमी वाटतं. पण ते चार मीटर लांब दांड्याला जोडलेलं, डोक्याच्या वर, तिरकं धरायचं असतं. पट्ट्याशिवाय दहा मिनिटांत हात भरून येतात आणि थकलेल्या हातातली करवत भलतीकडेच जाते. ज्याला रोज चालवायची आहे त्यानंच दुकानात जाऊन पट्टा लावून उचलून बघावी. कमी-जास्त लांब होणारा दांडा सोयीचा असतो, पण जड असतो. धुऱ्यावरची फांदी तीन-साडेतीन मीटर उंचीवर असेल तर ठरावीक लांबीचा हलका दांडाच बरा, कारण माणसाची स्वतःची उंची त्यात मिळते.

त्याच करवतीनं झाड वाचायला शिकवलं

कॉन्ट्रा आली त्याच वर्षी, 1959 मध्ये, अमेरिकेच्या वन खात्यात ॲलेक्स शायगो नावाचा तरुण शास्त्रज्ञ रुजू झाला. तोवर झाडाच्या आत काय चाललंय ते बघायला बुंधा आडवा कापून चकती काढायचे. एका माणसाला पेलणारी चेन सॉ आल्यामुळे शायगो यांना झाड उभं, लांबीत चिरता आलं. त्यांनी पुढच्या वर्षांत हजारो झाडं अशी चिरून बघितली आणि त्यांना दिसलं की झाडाची जखम माणसाच्या जखमेसारखी भरून येत नाही. झाड कुजलेल्या भागाभोवती आतून भिंती उभ्या करतं आणि तो भाग कायमचा कोंडून टाकतं.

फांदी जिथं बुंध्याला मिळते तिथं एक फुगीर कडं दिसतं. भिंत उभी करायची झाडाची सगळ्यात मोठी ताकद तिथंच असते. ते कडं कापून फांदी बुंध्यालगत सपाट केली, जे दिसायला फार स्वच्छ दिसतं, तर झाडाचं कुंपणच उखडलं जातं. कड्याच्या बाहेर हातभर खुंट ठेवला तर तो वाळतो आणि कूज त्यातून आत शिरते. कापायचं ते कड्याच्या लगेच बाहेर.

पोल सॉनं हे खालूनही करता येतं. जड फांदीला आधी खालच्या बाजूनं थोडा काप द्यायचा. मग त्याच्या जरा पुढे, टोकाच्या बाजूला, वरून कापायचं. फांदी पडते आणि साल बुंध्यापर्यंत फाटत नाही, कारण खालच्या कापाशी येऊन थांबते. राहिलेला खुंट मग कड्यालगत काढायचा. फांदी लांब असेल तर टोकाकडून तुकड्या-तुकड्यानं. बांबूला बांधलेल्या कोयत्यानं जे कधीच जमायचं नाही ते या मशीननं जमतं, आणि पोल सॉ घ्यायचं खरं कारण हेच आहे. वेग हे दुसरं कारण.

मात्र झाड आपल्या धुऱ्यावर असलं तरी हवं तसं तोडता येत नाही. महाराष्ट्रात 1964 चा वृक्षतोड नियमन कायदा आहे आणि साग, मोह, ऐन, आंबा, चिंच, जांभूळ अशी झाडं त्याच्या यादीत आहेत. सावलीपुरत्या बारीक फांद्यांच्या पुढे जाऊन मोठं काही उतरवायचं असेल तर आधी वन विभागात विचारून घ्यावं.

उभं कुठं राहायचं

पोल सॉच्या पुस्तिकांमध्ये काही आकडे पुन्हा पुन्हा येतात. दांडा जमिनीशी साठ अंशांपेक्षा उभा धरायचा नाही, म्हणजे माणूस कधीच फांदीच्या थेट खाली येत नाही. आजूबाजूला पंधरा मीटरमध्ये दुसरं कुणी नको. शिडीवर किंवा झाडावर चढून ही मशीन चालवायची नाही.

विजेच्या तारांपासूनही अंतर पंधरा मीटर. हे गावात सगळ्यात जास्त मोडलं जातं. दांडा धातूचा असतो, वीज अडवायची त्यात काहीही सोय नसते. फायबरचा दांडा असला तरी टोकाला लोखंडी साखळीच असते. तारेला टेकलेली फांदी ओली असेल तर तीही पुरेशी आहे. अशी फांदी महावितरणला कळवून, लाईन बंद करून त्यांनाच काढू द्यायची. तारेजवळची फांदी कापायला म्हणून पोल सॉ घेत असाल तर घेऊ नका.

14 जानेवारी 1973

शेवटच्या वर्षांत कंपनीत मुलांचा हात लागला होता. मुलगा हान्स पेटर 1960च्या सुमाराला कारखान्यात आला, मुलगी एफाही आली. 14 जानेवारी 1973 ला आंद्रेआस श्टील गेले, वय 76. सूत्रं हान्स पेटर यांच्याकडे गेली. तोवर कंपनी चेन सॉ विकणाऱ्या जगातल्या सगळ्यात मोठ्या कंपन्यांमध्ये गणली जात होती. पुढे ब्राझील आणि अमेरिकेत कारखाने झाले, दांड्यावरच्या छाटणीच्या मशीन त्याच इंजिनांमधून निघाल्या. भारतातली कंपनी पुण्यात आहे आणि तिच्या नोंदणीकृत नावात आंद्रेआस श्टील हे पूर्ण नाव आहे.

त्यांच्या धंद्यातली एक सवय मात्र खरेदीदारानं कुठल्याही कंपनीची मशीन घेताना उचलावी अशी आहे. ही कंपनी मशीन विकते ती दुरुस्ती करणाऱ्या दुकानदारांमार्फत. म्हणजे विकणाऱ्याकडे मेकॅनिक आणि सुटे भाग असलेच पाहिजेत. एकोडीच्या माणसानं ब्रँड ठरवण्याआधी साकोलीत किंवा भंडाऱ्यात जाऊन तीन गोष्टी विचाराव्यात. याची साखळी आणि पट्टी आज शेल्फवर आहे का? कार्ब्युरेटरचा डायफ्राम मिळतो का? मशीन उघडणारा माणूस इथंच बसतो का? ऑनलाईन स्वस्तात आलेली मशीन एका डायफ्रामसाठी छाटणीच्या ऐन हंगामात कोपऱ्यात पडून राहिली, तर ती स्वस्त पडत नाही.

डायफ्राम हा या इंजिनाचा नाजूक अवयव. रबरासारखा पातळ पडदा असतो. त्याच्यामुळे मशीन तिरकी, आडवी कशीही धरली तरी पेट्रोल मिळत राहतं. आपल्याकडे पंपावर आता इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. इथेनॉल हवेतला ओलावा ओढतं आणि टाकीत पडून राहिलं तर हा पडदा आणि नळ्या कडक होतात. किती टक्के इथेनॉल चालतं ते त्या मॉडेलच्या पुस्तिकेत बघून घ्यावं. टू-स्ट्रोक ऑईलचं मिश्रण बहुतेक नव्या मशीनला 1:50, म्हणजे एक लिटर पेट्रोलला 20 मिलिलिटर. कॉन्ट्राच्या काळात याच्या दुप्पट किंवा त्याहून जास्त ऑईल घालावं लागायचं. अंदाजानं बाटलीच्या झाकणानं ओतायचं नाही. कमी पडलं तर पिस्टन जाम होतो आणि तो खर्च जवळपास नव्या मशीनच्या विचाराला लावतो. जास्त झालं तर धूर आणि काळा पडलेला प्लग. पाच लिटरचा कॅन भरून ठेवण्यापेक्षा आठवड्याला लागेल तेवढंच बनवावं.

रोजचं काम संपल्यावर पाच-दहा मिनिटांचा हिशेब आहे. एअर फिल्टर झटकायचा. पट्टीची खोबणी आणि तेलाचं भोक काडीनं साफ करायचं. पट्टी अधूनमधून उलटी करून लावायची, म्हणजे दोन्ही कडा सारख्या झिजतात. साखळी थंड असताना पट्टीला खालून टेकलेली आणि तरी हातमोजा घालून हातानं ओढता येईल इतपत ताणलेली असावी. काम झाल्यावर ती जरा सैल करायची, कारण गरम असताना ताणलेली साखळी थंड होताना आकसते आणि पट्टी-शाफ्टवर ताण देते. दांड्याच्या टोकाच्या गिअरहेडमध्ये ग्रीस आहे का, हे बघायचं बहुतेक जण विसरतात, कारण चेन सॉला ते नसतंच.

आणि मृगाच्या आधी छाटणी आटोपली की मशीन तशीच खुंटीला टांगायची नाही. टाकी रिकामी करायची, मग इंजिन चालू करून कार्ब्युरेटरमधलं उरलेलं पेट्रोल संपून ते आपोआप बंद पडेपर्यंत थांबायचं. साखळी काढून, पुसून, तेलात बुडवून ठेवायची. रोवणी, निंदण, कापणी होईपर्यंत पाचसहा महिने तिच्याकडे कुणी बघणार नसतं.